तारांच्या बाई

आमच्या ग्राउंडवर बाई तीन वर्षं होत्या, पण त्यांनी बंदूक एकदाही चालवली नाही. चालवून बघायची वेळ आली की बंदूक माझ्या हातात द्यायच्या, तोंड फिरवून उभ्या राहायच्या आणि नुसता आवाज ऐकायच्या. मोटर नीट फिरली की म्हणायच्या, “हां. गातेय.” नाही फिरली की, “घसा बसलाय. आण इकडे.”

ग्राउंड म्हणजे एअरसॉफ्टचं. मानपाड्याच्या पुढे, कारखाने संपतात तिथली एक बंद पडलेली शेड आणि तिच्या मागचं गवताळ मैदान आम्ही भाड्याने घेतलेलं. आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजपासूनचा माझा मित्र सागर. खेळ सोपा. दोन टीम, डोळ्यांवर जाड गॉगल आणि हातात बॅटरीवर चालणाऱ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका. त्यांतून तुरीच्या दाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सुटतात. गोळी लागली की हात वर करून बाहेर यायचं. शनिवार-रविवारी ठाण्या-डोंबिवलीची ऑफिसातली माणसं यायची, बॉसवर गोळ्या झाडायची आणि समाधानाने घरी जायची.

अडचण एकच होती. बंदुका खेळताखेळता बंद पडायच्या. कधी तार तापायची, कधी बॅटरीचा कनेक्टर वितळून चिकटून बसायचा. मी घरी रोज तेच रडगाणं गायचो. शेवटी आई कंटाळून म्हणाली, “अरे, खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखव की. जन्मभर दुसरं काय केलंय त्यांनी?”

ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बाई तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या ठाण्याच्या खाडीकाठच्या, कोळ्यांच्या घरातल्या. लग्न होऊन ठाकुर्लीला आल्या आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागल्या. रिक्षा-टेम्पोच्या आत तारांचा जो जाडजूड जुडगा असतो, तो बांधणारा कारखाना. तिथे त्यांनी सव्वीस वर्षं तारा कापल्या, सोलल्या, जोडल्या, बांधल्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली आणि घरात बसून त्यांना स्वतःचाच वैताग आलेला.

पहिल्या दिवशी शेडमध्ये आल्या, तेव्हा मी म्हणालो, “मावशी, बसा ना.”

“मावशी कोणाची? तुझी आई माझी बहीण हाय काय?” त्यांनी विचारलं. “कामावर बाई म्हणायचं. घरी काय हवं ते म्हण.”

मग त्यांनी एक बंदूक उघडायला लावली. आतली तार दोन बोटांत धरून चुरगळून बघितली, नखाने थोडी सोलली, आत किती तंतू आहेत ते मोजले आणि माझ्याकडे बघितलं.

“ही दारावरच्या बेलची तार. बेल दिवसातून चारदा वाजते. तुमची पिचकारी मिनिटाला चारशेदा वाजवता तुम्ही.”

बंदुकीला त्या शेवटपर्यंत पिचकारीच म्हणायच्या.

पुढचे आठ दिवस आमच्याकडे नुसती निवड चालली होती. सागरने बाजारातून पाच तऱ्हेचे कनेक्टर आणलेले. बंदुकीबरोबर येतो तो छोटा पांढरा, त्याचाच मोठा भाऊ, टी-आकाराचा लाल, पिवळा, आणि गोल पिनांचा एक. इंटरनेटवर कुठला किती अँपिअर झेलतो याचा तक्ता असतो. सागरने तो छापूनच आणलेला. बाईंनी तक्ता घडी करून डब्याखाली ठेवला आणि मला म्हणाल्या, “हातमोजे घाल. जाडवाले. आता मैदानाला दोन चकरा मारून ये, पळत.”

मी घामाघूम होऊन आलो. त्यांनी एकेक कनेक्टर हातात दिला. “लाव. काढ. लाव. काढ.”

छोटा पांढरा माझ्या हातातून निसटत होता आणि त्याचा खटका मोडत होता. टी-वाला इतका घट्ट बसला की काढताना मी तारेलाच धरून ओढलं. त्याबरोबर माझ्या मनगटावर चापटी बसली. “तारेला धरून ओढशील? बैलाला शेपटी धरून चालवतोस काय?” गोल पिनांच्या कनेक्टरच्या दोन्ही पिना एकमेकींपासून सुट्या, त्यामुळे घाईत उलटसुलट लागायची भीती. पिवळ्याला बोटांना धरायला खाचा होत्या, एका बाजूने कोपरे कापलेले होते, आणि तो उलटा लावायचा म्हटलं तरी लागत नव्हता.

“हा,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, अँपिअर...” सागर म्हणाला.

“ते झेलणारे तीन आहेत तुझ्या कागदात, मी वाचलंय. पण कागदाला घाम येत नाय. जोडणारा शहाणा असेल असं धरून कधी जोडू नये. तो घाईत असतो. त्याला लघवीला लागलेली असते. त्याच्या हातूनसुद्धा चुकता येणार नाय, असा जोड पाहिजे.”

त्यांचा दुसरा नियम असा की कनेक्टरची जी बाजू बॅटरीला असते, तिचं पितळ आत झाकलेलं हवं. उघड्या पिनांची बाजू बंदुकीकडे. बंदुकीत स्वतःचा करंट नसतो, तिच्या पिना उघड्या राहिल्या तरी काही होत नाही. बॅटरी मात्र कायम जिवंत. खिशातली एखादी किल्ली तिच्या दोन्ही पिनांना लागली की संपलं. “जिवंत आहे तिला पदर पाहिजे,” एवढं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

तार घेतली सोळा नंबरची, सिलिकॉनची, दोऱ्यासारखी मऊ. सगळ्या बंदुकांच्या तारा बदलल्या, प्रत्येकीत फ्यूज घातला. बंदुका बंद पडायच्या थांबल्या. आम्ही बाईंना सोडलं नाही. त्यांनीही जायचं नाव काढलं नाही.

कामाला बसायच्या आधी त्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून रुमालात बांधायच्या आणि कंबरेला खोचायच्या. हातात फक्त काचेच्या बांगड्या. प्रत्येक जोड झाला की तीनदा ओढायच्या. पहिल्यांदा हळू, मग जोरात, मग दुसरीकडे बघत अचानक. “तिसरा हिसका महत्त्वाचा. नजर ठेवली की सगळेच नीट वागतात.” प्लॅस्टिकचे टाय त्यांना अजिबात चालत नसत. मेणाचा दोरा घेऊन त्या तारांचा जुडगा गाठी मारत बांधत जायच्या. ती गाठ त्यांच्या बापाची, जाळं विणतानाची. कारखान्यातल्या एका इंजिनिअरने म्हणे एकदा त्यांना सांगितलेलं की विमानाच्या तारा अशाच दोऱ्याने बांधतात. हे त्या महिन्यातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायच्या आणि वर म्हणायच्या, “माझा बाप विमानात बसला नाय कधी. पण गाठ बसली.”

दुपारी एक वाजता डबा. त्यात सुक्या बोंबलाची चटणी असली की शेडमधले ग्राहक आपोआप मैदानात जायचे. सागरने एकदा धीर करून विषय काढला. “बाई, कॉर्पोरेट लोक येतात हो...” बाईंनी शांतपणे घास संपवला. “जळकं प्लॅस्टिक मला वीस फुटांवरून वास घेऊन कळतं. हे नाक बोंबलावर तयार झालंय. नको असेल तर सांग, उद्यापासून दही-भात आणते.” विषय पुन्हा निघाला नाही.

एकदा एक हवालदार आलेले. कोणीतरी फोन केलेला की शेडमध्ये बंदुका आहेत. मी आणि सागर कागद शोधत होतो. बाईंनी हवालदारांना स्टुलावर बसवलं, एक बंदूक उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि मोटर कुठे, दात्यांची चाकं कुठे, फ्यूज कुठे, सगळं सांगायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने हवालदार म्हणाले, “बाई, कळलं, खेळणं आहे. पण माझ्या स्कूटरचा हॉर्न पावसाळ्यापासून वाजत नाही.” जाताना ते हॉर्न वाजवत गेले.

आता ग्राउंड राहिलं नाही. मालकाने जागा गोडाऊनला दिली, आम्ही बंदुका विकल्या, सागर पुण्याला गेला. मी ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांच्या कंपनीत आहे. बाई मुलीकडे पनवेलला असतात. फोन केला की पहिल्यांदा विचारतात, “जोड ओढून बघतोस ना?” माझं काम आता लॅपटॉपवरचं आहे, हे त्यांना सांगायची माझी हिंमत होत नाही.

पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला तो रविवार सांगावाच लागेल.

तिसऱ्या वर्षी आम्ही आठ नव्या बंदुका घेतल्या. ट्रिगरसाठी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेल्या, चांगल्यातल्या. रविवारी ठाण्याच्या डॉक्टरांच्या एका ग्रुपचं बुकिंग होतं आणि बॅटऱ्या शुक्रवारी आल्या. त्यांना कनेक्टर बसवायचे होते. नेहमीची तार संपलेली, म्हणून सागरने दुसरीकडून आणली. तिचा लाल रंग काळपट होता, सुकलेल्या रक्तासारखा. फ्यूजचे होल्डर आलेच नव्हते. बाई म्हणाल्या, “फ्यूजशिवाय मी देत नाय.” मी म्हणालो, “बाई, एक दिवसाचा प्रश्न आहे. सोमवारी बसवू. पंचवीस माणसं येतायत.” त्या शनिवारभर खाली मान घालून जोडत बसल्या. बाहेर आभाळ भरलेलं, शेडमध्ये दोनच ट्यूबलाइट. प्रत्येक बंदूक लावून बघायला वेळ उरला नाही, तेही मीच म्हणालो, “राहू दे आता.”

रविवारी दुसऱ्या डावाच्या मध्ये एका डेंटिस्टने बॅटरी बदलली. कनेक्टर खट्कन बसला आणि त्याच क्षणी धूर आला. तारेवरचं सिलिकॉन फुगलं, फाटलं. तार त्यांच्या मुठीत होती. त्यांनी बंदूक फेकली तोवर उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं भाजून पांढरी पडली होती. बाई वाळूची बादली घेऊन धावल्या, बॅटरीवर ओतली. मग डॉक्टरांचा हात नळाखाली धरून उभ्या राहिल्या, वीस मिनिटं. ते स्वतः म्हणत होते, “काकू, पुरे, मी डॉक्टर आहे.” तरी त्या सोडेनात.

सागरने संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की बॅटरीचा लॉटच खराब निघाला. ते समंजस होते. म्हणाले, ठीक आहे, होतं असं.

बाईंनी जळलेली बंदूक आणि बॅटरीचा तुकडा डब्यात घालून घरी नेला. मंगळवारी आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, “कनेक्टरच्या आतच उलटं जोडलंय. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. मीटर लावून तीनदा बघितलं. मीच केलंय.”

सागर दार लोटून आला. “बाई, हळू. हे इथेच राहू दे. त्यांना सांगितलंय माल खराब होता.”

“मालाला तोंड नाय म्हणून त्याच्यावर ढकलतोस?”

“अहो, केस केली तर ग्राउंड बंद होईल! कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय,” बाई म्हणाल्या. रुमालातून पाटल्या काढून त्यांनी हातात घातल्या. याचा अर्थ काम संपलं. मग माझ्याकडे वळल्या. “बाला, पत्ता दे मला त्यांचा.”

एकट्या गेल्या असत्या. म्हणून मी बरोबर गेलेलो. सागर माझ्याशी तेव्हापासून महिनाभर धड बोलला नाही.

दवाखाना नौपाड्यात, पहिल्या मजल्यावर. रिसेप्शनच्या मुलीने वहीतून मान वर न काढता विचारलं, “दाढ की रूट कॅनाल?”

“दात बरे आहेत,” बाई म्हणाल्या. “चूक सांगायची आहे.”

मुलीने मान वर केली. आम्हाला बसायला सांगितलं, मग आत सोडलं. डॉक्टरांचा हात बांधलेला होता. पेशंट त्यांचा जोडीदार बघत होता, ते नुसते कागद चाळत बसलेले. बाईंनी डबा उघडला. “डॉक्टर, माल बरा होता. हात माझा चुकला. तुमचं बोट मी जाळलंय.”

डॉक्टर आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे बघत होतो. बाई मात्र थांबल्या नाहीत. चांगल्या तारेचे दोन तुकडे त्यांनी पिशवीतून आणलेले. चूक कशी झाली, हे समजावल्याशिवाय माफी पुरी होत नाही असा त्यांचा समज होता. “हे बघा. ही लाल. ही इकडे, अधिकच्या खुणेला जायला पाहिजे. आणि ही काळी...”

“काकू,” डॉक्टर मध्येच म्हणाले. “पुन्हा सांगा. लाल कुठली?”

बाईंनी हातातली तार उंच धरली. ती काळी होती.

डॉक्टर उठले, डाव्या हाताने खुर्चीवरचा मोठा दिवा खाली ओढला. “इकडे बघा. वर बघा. आता खिडकीकडे.” मग हळूच विचारलं, “संध्याकाळी दिव्याभोवती वर्तुळं दिसतात?”

“दिसतात. दिवाळीपासून.”

“मोतीबिंदू आहे हो. डोळ्यांचा डॉक्टर मी नाही, पण एवढं मलाही दिसतंय. दोन्ही डोळ्यांत. तुम्ही शनिवारी या डोळ्यांनी काम केलंत?”

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सुटल्यासारखा वाटायला हवा होता. त्यांचा दोष नव्हता ना आता! पण त्या घाबरल्या होत्या. तारेचे तुकडे मांडीवर ठेवून, बोटांनी चाचपत म्हणाल्या, “म्हणजे आधीचे जोडसुद्धा असे असतील काय?”

डॉक्टरांनी आपल्या एका डोळ्यांच्या डॉक्टर मैत्रिणीच्या नावाने चिठ्ठी लिहिली, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात. केसचा विषयच काढला नाही. आम्ही जिना उतरलो. खालच्या पायरीवर माझ्याने राहवेना.

“बाई, फ्यूज असता तर तो उडाला असता. तार तापलीच नसती. फ्यूजशिवाय द्या असं मी म्हणालो. तुम्ही वर बोलला नाहीत.”

“ते माझं नाय,” बाई म्हणाल्या. “माझं होतं ते मी सांगितलं. तुझं तू बघ.”

रागावून नाही, साधंच म्हणाल्या. मग पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या. रस्त्यावर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते. मी वळून पुन्हा वर गेलो. रिसेप्शनच्या मुलीने विचारलं, “आता काय?” मी म्हणालो, “अजून एक आहे.”

डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं. ते माझ्यावर मात्र चिडले. चांगली दहा मिनिटं बोलले. बरोबरच बोलले. बाईंना जे सुनावलं नाही, ते सगळं मला मिळालं. खाली आलो तेव्हा बाई नुसतं म्हणाल्या, “चल, चहा पिऊ. तुझे कान लाल झालेत. एवढं दिसतंय मला.”

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं व्हायला अडीच महिने गेले. तेवढे दिवस आम्ही नव्या आठही बंदुका बाजूला ठेवल्या आणि जुन्यांवर भागवलं. बुकिंग निम्म्यावर आलं. डॉक्टरांचा ग्रुप पुन्हा आला नाही.

बाई परत आल्या त्या गॉगल लावून, एका बुधवारी. शेडच्या दारातच थांबल्या आणि चहूकडे बघत म्हणाल्या, “किती घाण करून ठेवलीय रे!” मग टेबल उचलून बाहेर उन्हात ठेवायला लावलं आणि म्हणाल्या, “सगळ्या आण. जुन्या पण.”

चार दिवस त्या उन्हात बसून एकेक बंदूक उघडत होत्या. तीन वर्षांतला आपला प्रत्येक जोड त्यांनी नव्या डोळ्यांनी बघितला. मध्येमध्ये स्वतःलाच बोलायच्या. “हे काय डाखलंय, सोल्डर हाय की शेणाचा गोळा!” “हा बरा आहे.” “ही गाठ बघ, बापाला आवडली असती.” उलटी जोडलेली बॅटरी आणखी एकही निघाली नाही. मला हायसं वाटलं. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या बंदुकीपाशी त्या थांबल्या आणि मला हाक मारली.

“बघ.”

मी वाकून बघितलं. बंदुकीच्या आत, कनेक्टरच्या टोकाला अधिकच्या पिनेवर काळी तार होती. मी दचकलो. पण तीच काळी तार दुसऱ्या टोकाला मोटरच्याही अधिक बाजूलाच गेली होती. दोन्ही टोकांना रंगांची अदलाबदल. म्हणजे करंट जायचा तिथेच जात होता. ही बंदूक सहा महिने दर शनिवार-रविवारी चाललेली, तिने कधीही त्रास दिला नव्हता. दोन चुकांनी मिळून बरोबर उत्तर आलेलं.

मी हसलो. “बाई, ही तर आपली सगळ्यात चांगली चालणारी! राहू दे. हिला काही होत नाही.”

बाईंनी सोल्डरिंग आयर्नची पिन बोर्डात घातली आणि दोन्ही जोड सोडवायला घेतले.

“हिला नाय होत,” त्या म्हणाल्या. “पण उद्या कोणीतरी हिला उघडेल. तो मला ओळखत नसेल. तो रंगावर विश्वास ठेवेल.”